अण्णांची फौजेतली फाईल आणि चौदा आकडी आभा

"कुठल्या औषधाची ॲलर्जी?" असं कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. तारीख ९ डिसेंबर २०२४. अण्णांना न्यूमोनिया झालेला, नाकावर ऑक्सिजनचा मास्क, बोलायला दम पुरत नव्हता. दादा म्हणाला, "नाही." मी म्हणाले, "बहुतेक नाही." कोपऱ्यातून आई म्हणाली, "फौजेत एकदा इंजेक्शन दिल्यावर तोंड सुजलं होतं त्यांचं. पत्र आलं होतं मला." कुठलं इंजेक्शन? पत्रात नव्हतं. कुठल्या साली? "ही पोटात होती तेव्हा." ही म्हणजे मी. म्हणजे १९८७.

डॉक्टरबाईंनी लिहिलेलं अँटिबायोटिक खोडलं, दुसरं लिहिलं आणि विचारलं, "यांचे आधीचे रेकॉर्ड कुठे आहेत?"

उत्तर सोपं होतं आणि निरुपयोगी होतं. १९७३ ते २००१ फौजेत. २००३ नंतर ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकात. कोविडच्या काळात 'सेहत' या फौजेच्या ऑनलाइन ओपीडीवरून मिलिटरीच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर दोनदा बोलणं झालं होतं, त्याची प्रिस्क्रिप्शनं दादाच्या जुन्या मोबाइलमध्ये. बाकी घरात तपकिरी कव्हर घातलेल्या पाच वह्या. रात्री सव्वाअकराला यातलं काहीच हाताशी नसतं.

अण्णा आठ दिवसांनी घरी आले. मी तेव्हाच ठरवलं की यांचं सगळं एका जागी आणायचं. पुढे साडेपाच महिने लागले. खर्च हजाराच्या आसपास आला आणि त्यातला बराचसा फुकट गेला. कशात गेला तेही लिहिते, म्हणजे तुमचा वाचेल.

आधी थोडं समजून घ्या, कारण मला हे उलट्या क्रमाने समजलं. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ला देशभर सुरू झालं. त्यात प्रत्येकाला चौदा आकडी आभा क्रमांक मिळतो, शिवाय ईमेलसारखा दिसणारा एक आभा ॲड्रेस. माझी कल्पना अशी की दिल्लीत कुठेतरी एक मोठं कपाट असेल आणि आभा म्हणजे त्यातल्या आपल्या कप्प्याची किल्ली. तसं नाही. कागद ज्या हॉस्पिटलचे त्यांच्याकडेच राहतात. आभा म्हणजे नुसता दोरा. हॉस्पिटलने आपल्या टोकाला गाठ मारली आणि आपण आपल्या टोकाला, तरच काही ओढून घेता येतं. ज्या हॉस्पिटलकडे या दोऱ्याचं टोकच नाही, तिथलं काही येत नाही. अण्णांच्या नोकरीच्या काळातली मिलिटरी हॉस्पिटलं ही अशी. तेव्हाचं सगळं कागदावर, आणि कागद फौजेच्या ताब्यात.

४ जानेवारीला, शनिवारी, चहा घेऊन मोबाइलवर आभा काढायला बसले. दहा मिनिटांचं काम असं ऐकलं होतं. आधार क्रमांक टाकला, टिकमार्क केले, ओटीपी पाठवला. आला नाही. पुन्हा पाठवला. पडद्यावर नंबराचे शेवटचे आकडे दिसत होते, ते ओळखीचे वाटेनात. शेवटी आईने ओळखले. ते अण्णांचं २०११ सालचं सिम. केव्हाच बंद पडलेलं.

८ जानेवारीला आधार केंद्रात गेलो. अण्णा फौजी माणूस, केंद्र दहाला उघडणार म्हणून आम्ही सव्वानऊला दारात. टोकन सहा नंबरचं मिळालं. आमच्या आधी पाच जण पावणेनऊलाच आले होते, त्यातले दोघे फौजीच. ऑपरेटर पोरगा भला होता. मोबाइल नंबर बदलताना त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली, "बाकी बरोबर आहे का बघा." बरोबर नव्हतं. जन्मवर्ष १९५१.

फौजेच्या कागदात अण्णांची जन्मतारीख १ जून १९५४. आमच्या पाटण तालुक्यात त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनलाच येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली तारीख ती. तरी साल बरोबर आहे. अण्णांनी ऑपरेटरला पटवायचा प्रयत्न केला, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. ६७ साल. मोज तू." पोरगं म्हणालं, "आजोबा, भूकंपाचा दाखला चालत नाही." मग पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ, दाखवली, ती चालली.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. नाव, जन्मतारीख, मोबाइल असं जे काही बदलायचं ते एकाच फेरीत बदला. एक बदल केला काय आणि तीन केले काय, तेव्हा फी एकदाच लागायची, ५० रुपये. आणि जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, त्यामुळे घाई करून चुकीची घालू नका. तिसरी गोष्ट मला फेरी घालून कळली. कागद मूळच न्या. आम्ही पीपीओची लॅमिनेट केलेली रंगीत प्रत नेली होती, कारण मूळ कागद घडीवर फाटायला आलाय. मोबाइल तीन-चार दिवसांत बदलला. जन्मतारखेचा अर्ज ३० जानेवारीला नामंजूर झाला. ३ फेब्रुवारीला पुन्हा रांग, पुन्हा ५० रुपये, या वेळी मूळ पीपीओ दोन पुठ्ठ्यांच्या मधे धरून नेला. २० फेब्रुवारीला मेसेज आला. १९५४.

मधल्या काळात एक प्रकार घडता घडता राहिला. आमच्या जवळच्या सेवा केंद्रात मी सहज विचारलं, आभा काढता का? त्याने लगेच अण्णांचा आधार मागितला आणि म्हणाला, "सत्तरच्या वर आहेत ना? पाच लाखांचं आयुष्मान कार्डच काढून टाकतो." थांबा. हे वेगळं. सत्तरीपुढच्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ला सुरू झालेलं वय वंदना कार्ड म्हणजे उपचाराच्या खर्चाचं संरक्षण. आभा म्हणजे फक्त नोंदींचा क्रमांक, त्यात एक रुपयाचाही विमा नाही. आणि ईसीएचएसवाल्यांना वय वंदना घ्यायचं तर आपली योजना की ती, अशी निवड करावी लागते. त्याने 'आयुष्मान' हा एकच शब्द ऐकला होता. मी आधार परत घेतला. तुमच्याकडे कुणी शिबिरात "आजोबांचं आयुष्मान काढू का" म्हणून विचारलं, तर कुठलं आयुष्मान ते आधी विचारा.

दुसरीकडे २१ जानेवारीलाच मी फौजेच्या कागदांमागे लागले होते. अण्णांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला साधा अर्ज केला: सर्व्हिस नंबर, रँक, नाव, रिटायरमेंटची तारीख, पीपीओची प्रत, अण्णांची सही, आणि मागणी एवढीच की रिलीज मेडिकल बोर्डाच्या कागदांची प्रत मिळावी. रेजिमेंट कुठली ते इथे लिहायचं नाही असं अण्णांनी बजावलंय. स्पीड पोस्टने पाठवलं. पोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसलं. पुढे सगळं शांत.

वेळ आहे तर हा बोर्ड म्हणजे काय तेही सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. फौजेतून निघताना जवानाची शेवटची वैद्यकीय तपासणी होते. अण्णांचा डावा कान कमजोर, त्यामुळे शेवटची पाच वर्षं ते लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे तब्येतीच्या खालच्या दर्जात. अशांचा बोर्ड बसतो आणि त्याचा ए.एफ.एम.एस.एफ. १६ नावाचा फॉर्म भरला जातो. नोकरीतल्या मोठ्या आजारांचा गोषवारा त्यात येतो. प्रत्येक भरतीच्या केस शीटा मागत बसण्यापेक्षा हा एक फॉर्म मागणं शहाणपणाचं. ही अक्कल अण्णांचीच. "सगळं मागशील तर काहीच मिळणार नाही. एकच चीज माग, नंबर सांगून माग."

२२ फेब्रुवारीला आभा निघाला. या वेळी खरोखर दहा मिनिटांत. ॲड्रेस निवडायचा होता, अण्णांनी सर्व्हिस नंबर सुचवला. मी नको म्हटलं. हा ॲड्रेस हॉस्पिटलच्या काउंटरवर दहा जण बघणार. (घरात फौजेची गुप्तता सांभाळणारा माणूस नंबर मात्र अभिमानाने कुणालाही म्हणून दाखवतो.) शेवटी नाव आणि चार आकडे असा घेतला.

आता डिसेंबरची भरती जोडायची. ते खाजगी हॉस्पिटल ईसीएचएसच्या यादीतलं आणि डिजिटल मिशनमध्येही नोंदलेलं. आभाच्या ॲपमध्ये हॉस्पिटल शोधलं, 'रेकॉर्ड शोधा' दाबलं. उत्तर: काही सापडलं नाही. आठ दिवस ज्या खाटेवर माणूस झोपला होता, तिथे त्याची नोंदच नाही म्हणे.

१ मार्चला स्वतः हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात गेले. बाई म्हणाल्या, नाव जुळत नसेल. खरंच नाव वेगळं होतं. फौजेत अण्णांचं नुसतं नाव आणि आडनाव, त्यामुळे पीपीओवर तसं, ईसीएचएस कार्डवर तसं, हॉस्पिटलच्या नोंदीतही तसंच. आधारवर मधे आजोबांचं नाव, म्हणून आभावरही तिन्ही. मी म्हटलं, तुमच्याकडे तिन्ही नावं करा. त्या म्हणाल्या, "नाही जमणार. ईसीएचएसचं बिल कार्डावरच्या नावानेच लागतं, एक अक्षर बदललं तर बिल परत येतं." मग आधारवरचं मधलं नाव काढायचं? मग पॅन, बँक, सातबारा सगळीकडे वेगळं होणार. की फौजेच्या रेकॉर्डमध्ये नाव वाढवायचं? ते ऐकूनच अण्णांनी हात जोडले.

कुणीतरी सांगितलं, 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करा. ४ मार्चला केलं. स्टॅम्प पेपर, टायपिंग, नोटरी मिळून ८५० रुपये. ते घेऊन पुन्हा हॉस्पिटलात गेले, तर बाई म्हणाल्या, "हे मी कुठे लावू? कॉम्प्युटरला प्रतिज्ञापत्र वाचता येत नाही." त्यांचं चुकलं नव्हतं. तो कागद अजून कपाटात आहे, कोरा करकरीत.

मार्ग निघाला तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. ७ मार्चला मी खरं तर रेकॉर्ड ऑफिसच्या पत्राचं विचारायला गेले होते. तिथे अण्णांच्याच वयाच्या एका माजी सैनिकाला कार्ड काढून देत बसलेले एक गृहस्थ होते. माझी रड ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हॉस्पिटलात मोबाइल नंबर कुणाचा दिलाय?"

दादाचा. रात्री सव्वाअकराला फॉर्म भरणाऱ्याने स्वतःचा नंबर दिला होता.

घरी येऊन मी ही यंत्रणा रुग्ण कसा ओळखते ते शोधून वाचलं, आणि मग उलगडा झाला. आपण ॲपमधून शोध घेतो तेव्हा हॉस्पिटलकडे आपला आभा क्रमांक, पडताळलेला मोबाइल नंबर, नाव, लिंग आणि जन्मवर्ष जातं. हॉस्पिटलची प्रणाली त्यावरून आपल्या रुग्णांत जुळणी करते. नाव थोडं इकडेतिकडे असलं तर बहुधा चालून जातं. अण्णांचा आभा क्रमांक हॉस्पिटलकडे नव्हता आणि मोबाइल दादाचा होता, मग ओळखणार कशावरून? जन्मवर्षही १९५१ राहिलं असतं तर आणखी एक खोडा. आधारच्या दोन फेऱ्या वाया गेल्या नव्हत्या तर.

८ मार्चला हॉस्पिटलच्या काउंटरवर मोबाइल नंबर बदलून घेतला. दोन मिनिटं, फी नाही. तिथेच उभं राहून ॲपमध्ये शोध घेतला. डिसेंबरची भरती आली. जोडायला हॉस्पिटलकडून ओटीपी आला, टाकला, आणि डिस्चार्ज समरी, रक्ताचे रिपोर्ट, छातीचा एक्स-रे एकाखाली एक उतरले. मी काउंटरवरच अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "कानाचं काही आहे का त्यात?" कानाचं नव्हतं.

म्हणून सांगते, हॉस्पिटलात नाव घालताना रुग्णाचाच नंबर द्या, आधारला जोडलेला. मुलांचा नंबर 'दुसरा नंबर' म्हणून द्या. आणि प्रतिज्ञापत्राच्या नादी लागण्याआधी हे करून बघा.

पॉलिक्लिनिकचं प्रकरण छोटं आहे. मार्चच्या मध्यात औषधं आणायला गेलो तेव्हा तिथे आभाचं विचारलं. त्यांनी क्रमांक लिहून घेतला, पण तिथल्या नोंदी निदान तेव्हा तरी ॲपवर येत नव्हत्या. १४४७७ या मिशनच्या हेल्पलाइनला फोन केला, तिथे सरळ उत्तर मिळालं: संस्थेने जोडलं नाही तर तुम्ही स्वतः स्कॅन करून ॲपमध्ये ठेवा. पॉलिक्लिनिकच्या मेडिकल ऑफिसर मॅडमनी मात्र मोठं काम केलं. अण्णांच्या चालू औषधांची यादी, शुगर कधीपासून, बीपी कधीपासून, हे सगळं एका पानावर लिहून सही-शिक्का दिला. पाच वह्यांपेक्षा ते एक पान कामाचं. तुम्हीही मागा, पण ओपीडीच्या गर्दीत नाही. दुपारी औषधांची खिडकी बंद व्हायच्या सुमाराला.

वह्यांतलं सगळं स्कॅन करायचा मोह होतो, करू नका. मी पहिल्या दिवशी ६० पानं काढली आणि दुसऱ्या दिवशी ५० पुसली. २०१४चा सर्दीचा कागद कोण बघणार? ईसीजी, टू-डी इको, शुगरची शेवटची एचबीएवनसी तपासणी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा कागद, लसी आणि मॅडमचं ते पान, एवढंच ठेवलं. खिडकीपाशी दिवसाउजेडी, फ्लॅश बंद. प्रत्येकाच्या नावात साल आधी.

रेकॉर्ड ऑफिसकडून मार्च उजाडला तरी उत्तर नाही. १० मार्चला माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. मला जरा अवघड वाटत होतं. अण्णा म्हणाले, "आपल्याच कागदासाठी आर.टी.आय.? मी काय चोर आहे?" दोन दिवस बोलले नाहीत. पण ४ एप्रिलला पत्र आलं: १४ पानं, पानाला २ रुपयांप्रमाणे २८ रुपये भरा. भरले. १९ एप्रिलला, शनिवारी, पोस्टमनने जाड खाकी पाकीट आणून दिलं.

अण्णांनी ते चाकूने उघडलं, एका रेषेत. चष्मा लावला. पानं उलटत गेले, सातव्या पानावर थांबले. झेरॉक्स फिकट होती, कडेला पंच केलेल्या भोकांचे काळे गोल. मधोमध इंग्रजीत दोन शब्द, खाली दोन रेघा: पेनिसिलिनची ॲलर्जी. अण्णा म्हणाले, "हे लाल शाईत होतं. एम.ओ. साहेबांनी माझ्यासमोर लिहिलं, लाल शाईत." झेरॉक्सला लाल कुठलं कळतं? बाकीच्या अक्षरांत ते शब्द तसेच काळे झाले होते. मलाच दुसऱ्यांदा शोधताना दिसले नाहीत. डिसेंबरच्या रात्री आधी लिहून खोडलेलं औषध पेनिसिलिनच्याच जातीतलं होतं. हे मी आईला त्या दिवशी सांगितलं. ती काही न बोलता उठून गेली.

त्याच संध्याकाळी स्कॅन करायचं ठरलं होतं. पाहुणे आले, राहून गेलं. मग २२ एप्रिलला पहलगामचा दहशतवादी हल्ला झाला. अण्णांनी पाकीट उचललं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. "आता फौजेचा कुठलाही कागद मोबाइलवर जाणार नाही." मी म्हटलं, अण्णा, चोवीस वर्षांपूर्वीचा कानाचा कागद आहे. ते म्हणाले, "त्यात युनिटचं नाव आहे, ठिकाण आहे." वाद घालण्यात अर्थ नव्हता. १० मेच्या शस्त्रसंधीपर्यंत ते टीव्हीसमोरून उठलेच नाहीत, आणि नंतरचा आठवडा मी विषय काढला नाही. महिना गेला. वाया गेला असं मी म्हणणार नाही. त्यांच्या शंकेत तथ्य होतंच. वैद्यकीय कागदात आजारापेक्षा बरंच काही असतं: कुठल्या साली कुठे होता, कुणाबरोबर होता. तुमच्या घरचा माणूस अजून नोकरीत असेल तर त्याचे कागद स्वतःच्या बुद्धीने कुठल्याही ॲपवर टाकू नका. युनिटला विचारल्याशिवाय तर नाहीच.

१८ मे, रविवार. सकाळी अण्णांनी स्वतःच पाकीट बाहेर काढलं. वहीचं कोरं पान घेतलं, पट्टीने आखून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येक पान टेबलावर ठेवायचं, युनिट, ठिकाण आणि अधिकाऱ्यांच्या सह्या यांवर पट्ट्या बसवायच्या, पट्टी उडू नये म्हणून कडेला एकेक सुपारी ठेवायची, आणि मग "हां, आता काढ." पंखा बंद. चौदातली पाच पानं त्यांनी निवडली. सातव्या पानावर पट्टी लावताना त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि मी ओरडायच्या आत मूळ प्रतीवर नाही, तर पट्टीवर, त्या दोन शब्दांच्या नेमक्या वर, बाण काढला. स्कॅनमध्ये तो बाण लाल आलाय.

पण ॲपमध्ये आपण स्वतः टाकलेला फोटो म्हणजे शेवटी फोटोच. डॉक्टरने उघडून, मोठा करून, सातव्या पानावर जाऊन वाचला तर उपयोग. रात्री सव्वाअकराला कोण वाचणार? फौजेतली नोंद थेट जोडता येत नाही म्हटल्यावर तिला दुसऱ्या दाराने आत घ्यायचं. आज उपचार करणाऱ्या डॉक्टरने ती स्वतःच्या नोंदीत लिहिली, की ती त्यांच्या हॉस्पिटलची नोंद होते, आणि त्यांचा दोरा आधीच जोडलेला असतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री झोप न लागता सुचलं.

२४ मेला फुफ्फुसांच्या तपासणीची तारीख होतीच. काउंटरवरचा क्यूआर कोड अण्णांनीच स्कॅन केला. नाव, वय आपोआप गेलं, टोकन मोबाइलवर आलं, फॉर्म भरायची रांग चुकली. ही एक सोय मात्र मनापासून आवडली. आत गेल्यावर डॉक्टरांनी जुन्या नोंदी बघायला संमती मागितली. मोबाइलवर विनंती येते: कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या प्रकारच्या नोंदी, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंतच्या, आणि परवानगी केव्हा संपणार. लोक न वाचता 'हो' दाबतात. अण्णांनी चार मिनिटं घेतली. मुदत कमी केली, एक महिन्यावर आणली. बाहेर बावीस पेशंट. डॉक्टर हसत बसून राहिले, हे त्यांचं मोठेपण.

मग मी सातवं पान दाखवलं. त्यांनी मोबाइल जवळ घेतला, लाल बाण बघितला, अण्णांना विचारलं, "नक्की काय झालं होतं?" तोंड सुजलं, श्वास अडकला, तासाभरात सलाइन, दोन दिवस भरती. त्यांनी कॉम्प्युटरवर ॲलर्जीच्या रकान्यात टाइप केलं. मी म्हटलं, जरा दाखवता का? त्यांनी स्क्रीन वळवली. पेनिसिलिन, गंभीर.

दोन दिवसांनी ॲपवर त्या दिवसाचं प्रिस्क्रिप्शन आलं. औषधांच्या वर ती ओळ होती. फौजेतल्या अठ्ठावीस वर्षांपैकी यंत्रणेत पोचली ती एवढीच ओळ. कान नाही, मलेरिया नाही, ७९ साली मोडलेला पाय नाही. ते सगळं फोटोंमध्ये आहे. अण्णांना कानाचं अजून लागून राहिलंय; पुढच्या वेळी कानाच्या डॉक्टरांकडून तेही लिहून घेऊ म्हणालेत.

आता आईची पाळी. तिचा आभा काढायला बसले आणि पहिल्याच पायरीला अडकले. फौजेच्या कागदात, म्हणून ईसीएचएस कार्डवरही, तिचं माहेरचं नाव आहे. लग्नानंतर ठेवलेलं नाव आधारवर आहे. अण्णांनी लग्नाची नोंद युनिटला कळवली तेव्हा त्यांना नवं नाव आठवलं नव्हतं म्हणे. इथे मधल्या नावाचा प्रश्न नाही, नावच वेगळं आहे. मोबाइल नंबरच्या जोरावर हे जुळेल असं वाटत नाही. ते ८५० रुपयांचं प्रतिज्ञापत्र करणाऱ्या टायपिस्टला परवा फोन केला तर त्याने लगेच ओळखलं.

मंगळवारी आधार केंद्र. अण्णांनी आईचे मूळ कागद दोन पुठ्ठ्यांत बांधून ठेवलेत आणि सव्वाआठला निघायचं असं जाहीर केलंय.